हिवाळ्यातल्या तापमानाचं गणित मांडताना या चुका टाळा

"यंदा ला निना आहे, म्हणजे जानेवारीत इंदूर गारठणार." "सैबेरियातून वारं सुटलंय." "ध्रुवावरचा भोवरा फुटला, आता आठ दिवसांत बघा." दर नोव्हेंबरात ही वाक्यं फोनवर फिरू लागतात, आणि फेब्रुवारीत तीच वाक्यं आलेखांसकट विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून माझ्या टेबलावर येतात. वातावरणाच्या मोठ्या अभिसरणाचा (म्हणजे हजारो किलोमीटर पसरलेल्या वाऱ्यांच्या प्रवाहांचा) आणि हिवाळी तापमानाचा संबंध खरा आहे. नीट वाचला तर तो माळव्यातल्या शेतकऱ्याला चार दिवस आधी सावध करू शकतो. म्हणूनच तो घाईघाईत, अर्धवट वापरलेला मला पाहवत नाही. वर्षानुवर्षं ज्या चुका दिसतात त्या इथे लिहितो. त्यांतल्या दोन चुकांवर सविस्तर लिहीन, कारण त्यांनी केलेलं नुकसान मी जवळून पाहिलंय.

ढग आले, ऊब वाटली, म्हणजे थंडी गेली

हिवाळ्यात उत्तर भारताच्या डोक्यावर, साधारण १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा जेट प्रवाह असतो. त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूला तयार झालेले पश्चिमी झंझावात (ढग-पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे, इथल्या हिंदी पेपरांतले 'विक्षोभ') याच प्रवाहाबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येतात. हिवाळ्यात महिन्याला चार-पाच, कधी त्याहून जास्त. बर्फ पडतो काश्मीर-हिमाचलात, पण इंदुरात आठवड्याच्या आत पारा वरखाली होतो तो बहुतेक वेळा याच झंझावातांच्या येण्याजाण्याने.

आता क्रम लक्षात घ्या. झंझावात पश्चिमेकडून जवळ येत असतो तेव्हा आपल्याकडे वारा दक्षिणेकडे झुकतो, अरबी समुद्रावरची ओल येते, आभाळ भरतं. रात्री जमिनीतून निघणारी उष्णता ढग अडवतात आणि खाली परत पाठवतात, म्हणून किमान तापमान चढतं. कधी मावठा पडतो. झंझावात पूर्वेला सरकला की वारा वायव्येचा होतो, कोरडी हवा येते, आभाळ मोकळं होतं आणि पारा कोसळतो. म्हणजे आधी ऊब आणि मग थंडी. लोक पहिला अर्धा भाग पाहतात आणि निकाल देऊन मोकळे होतात.

इंदूरजवळ देपालपूरच्या बाजूला बटाटा करणारे आमच्या ओळखीतले एक काका आहेत. घर इंदुरात रामबागेत, जमीन तिकडे. जानेवारी होता. दोन दिवस आभाळ भरलेलं, दमट वारा, पहाटेचा पारा पंधराच्या वर. काकांनी संध्याकाळचं हलकं पाणी थांबवलं आणि गड्याला सुट्टी दिली. मी फोनवर सांगितलं, "काका, झंझावात अजून राजस्थानावर आहे. तो पुढे गेला की आभाळ मोकळं होईल आणि वारा फिरेल. पाणी बंद करू नका." काका म्हणाले, "अहो सर, स्वेटर काढून ठेवलाय आम्ही, आणि तुम्ही पाणी कसलं द्यायला सांगताय? मोबाइलवर पुढचे तिन्ही दिवस सूर्य दाखवतोय." सूर्य दाखवत होता हे खरंच होतं. आभाळ निरभ्र होणार होतं, आणि धोका नेमका तोच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन सरी आल्या. संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा वायव्येचा. त्या रात्री हवेत ओल होती आणि वाराही चालू होता, म्हणून पारा बेताने उतरला. पुढच्या रात्री वारा पडला, हवा पुरती कोरडी झाली आणि वेधशाळेचा पारा पाचाच्या खाली गेला. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. उघड्या शेतात पानाच्या पातळीवर तापमान त्याहून काही अंश खाली असतं. पेटीत चार अंश असताना पानावर दव गोठू शकतं. इथले शेतकरी ज्याला 'पाला मारला' म्हणतात, तो असा. सकाळी काकांच्या वावरात पानापानावर पांढरा थर होता. ऊन चढल्यावर पानं पाण्यात उकळल्यासारखी मऊ, गडद हिरवी झाली, आणि संध्याकाळपर्यंत काळी पडून देठावर लोंबायला लागली. बांधापलीकडच्या शेतकऱ्याने आदल्या संध्याकाळी पाणी दिलं होतं. त्याच्या कडेच्या ओळी गेल्या, बाकी पीक उभं राहिलं. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. एवढ्या साध्या गोष्टीवर त्याचा हंगाम वाचला.

माझी सवय सांगतो. झंझावात राजस्थानावर आहे असं कळलं की मी मोबाइलवरच्या सूर्याच्या चित्राकडे बघत नाही. तीन गोष्टी बघतो: उपग्रहाच्या चित्रात ढगांची पश्चिमेकडची कडा कुठे आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, आणि दवबिंदू तापमान (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरू लागतं ते) किती आहे. जोधपूर-बारमेरवरचं आभाळ मोकळं झालं, वारा वायव्येचा झाला आणि दुपारचा दवबिंदू झपाट्याने उतरला, की पुढच्या दोन-तीन रात्री धोक्याच्या. त्यातही वारा पडलेली रात्र सगळ्यात वाईट. दवबिंदू हा आकडा कोणीच बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण तो फुकट मिळतो आणि रात्रीचा पारा किती खाली जाऊ शकतो हे बाकी कशाहीपेक्षा चांगलं सांगतो.

'दिवस' कुठे सुरू होतो हे न बघता किमान तापमान काढणं

ही चूक आकडेमोड करणाऱ्यांची. शेत जळत नाही, पण निष्कर्ष उलटा होतो.

एक हुशार, मेहनती विद्यार्थिनी प्रबंधाचा मसुदा घेऊन आली होती. कित्येक हिवाळ्यांची तासातासाची आकडेवारी, ईआरए-५ मधून (निरीक्षणं आणि संगणकी प्रारूप जुळवून केलेल्या जगभराच्या हवामान-नोंदींतून) घेतलेली. आलेख सुंदर. निष्कर्ष असा: इंदुरात वारा फिरण्याच्या एक दिवस आधीच पारा उतरतो. त्यावर तिने चार पानांचं स्पष्टीकरणही लिहिलं होतं, की जेट प्रवाहाचा परिणाम खालच्या वाऱ्याआधी पोहोचतो वगैरे. तिच्या कॉलेजात या शोधाचं कौतुक झालेलं होतं. मी विचारलं, "तुझा दिवस किती वाजता सुरू होतो?" तिला प्रश्नच कळला नाही. तिने इंटरनेटवरून घेतलेल्या चार ओळींच्या कोडने तासांचे दिवस करून दिले होते.

जगभराची ही आकडेवारी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. यूटीसीची १० तारीख आपल्याकडे १० तारखेच्या पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ११ तारखेच्या पहाटे साडेपाचला संपते. हिवाळ्यात इंदूरचा पारा सर्वांत खाली येतो सूर्योदयाच्या आसपास, सात वाजता. म्हणजे दिवसाची सीमारेषा बरोबर सर्वांत थंड वेळेच्या उंबरठ्यावर पडते. समजा १० तारखेची पहाट १४ अंशांची होती आणि ११ तारखेची ६ अंशांची. ११ तारखेच्या पहाटे पाचला पारा सातावर आलेला असतो आणि यूटीसीच्या हिशोबात तो अजून १० तारखेत आहे. झालं, १० तारखेचं किमान ७ लागलं. प्रत्यक्षात १० तारखेच्या सकाळी लोक ढगाळ हवेत फिरत होते. वाऱ्याची मात्र तिने दिवसभराची सरासरी घेतली होती, आणि १० तारखेला दिवसभर वारा दक्षिणेचाच होता. म्हणून थंडी वाऱ्याच्या आधी आल्यासारखी दिसली.

यात दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. प्रत्येक थंड रात्र दोन तारखांना मोजली जाते. थंडीच्या लाटेचे दिवस फुगतात, लाटा लांबतात, आणि मग अमुक साली लाटा वाढल्या म्हणून जे लिहिलं जातं त्याचा पायाच हलतो.

उपाय सोपा आहे. आपल्या हवामान खात्यात सकाळी साडेआठला निरीक्षण घेतात आणि मागच्या २४ तासांचं किमान त्या सकाळच्या तारखेला लिहितात. साडेआठ म्हणजे यूटीसीचे तीन. तेव्हा तुमच्या तासांचे गट तीन ते तीन असे करा आणि आकडा गट संपतो त्या तारखेला लावा. तिने तसं केल्यावर तो एक दिवस नाहीसा झाला आणि वारा व थंडी बरोबर एकामागून एक आले. ते उत्तर कमी चमकदार होतं, पण खरं होतं.

तयार कोड घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण घेण्याआधी एक आठवडा, कोणताही एक थंड आठवडा, कागदावर तास मांडून स्वतःच्या हाताने काढा. ज्याला सात दिवस हाताने काढायचा कंटाळा येतो त्याने चाळीस हिवाळ्यांवर मत देऊ नये.

ला निना म्हणजे कडाका, एल निनो म्हणजे ऊब

प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळच्या पाण्याचं तापमान बदललं (नेहमीपेक्षा गार तर ला निना, गरम तर एल निनो) की पाऊस-ढगांच्या मोठ्या पट्ट्यांची जागा सरकते, आणि त्यांच्याबरोबर हजारो किलोमीटरवरचे वारेही. ला निनाच्या हिवाळ्यांत वायव्य आणि मध्य भारतात थंडीच्या लाटांची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण शक्यता वाढते म्हणजे हमी मिळते असं नाही.

२०२२-२३ चा हिवाळा बघा. ला निनाचा सलग तिसरा हिवाळा. त्यातला डिसेंबर देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत उबदार डिसेंबर ठरला. मग जानेवारीत उत्तर भारतात कडक लाट आली. १६ जानेवारीला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पारा १.४ अंशांवर गेला. आणि फेब्रुवारीत देशाच्या सरासरी कमाल तापमानाने १९०१ पासूनचा उच्चांक मोडला. एकच ला निना, एकच हिवाळा, तीन महिने तीन तऱ्हेचे. आता या तीन महिन्यांची सरासरी काढून तुम्ही एक आकडा लिहिलात, तर त्या आकड्यात यातलं काहीच उरत नाही. आदल्या वर्षीही ला निनाच होता, आणि मार्च २०२२ च्या सरासरी कमाल तापमानाने उच्चांक केला. गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळी आलेली ती उष्णता माळव्यातले लोकवन गहू करणारे विसरलेले नाहीत.

म्हणून महिने वेगळे ठेवा. सरासरीबरोबर रोजच्या किमान तापमानाचा चढउतार किती होता ते काढा, आणि १० अंशांखालच्या, ५ अंशांखालच्या रात्री मोजा. प्रशांत महासागर पार्श्वभूमी ठरवतो. अमक्या मंगळवारी काय होणार हे झंझावातांचा क्रम ठरवतो.

सैबेरियाचा वारा

सैबेरिया-मंगोलियावर हिवाळ्यात फार मोठा उच्चदाब तयार होतो हे खरं. पण तिथली अतिथंड हवा जमिनीलगत बसलेली असते, आणि तिच्या वाटेत तिबेटचं पठार व हिमालय उभे आहेत. ती चीन, कोरिया, जपानकडे उतरते, माळव्यात नाही. आपल्याकडे येणारी कोरडी हवा वायव्येकडून, पंजाब-राजस्थानावरून येते. डोंगरावरून उतरणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते, त्यामुळे 'हिमाचलचा बर्फ थेट इंदुरात' हेही तितकंसं बरोबर नाही. इंदूरच्या रात्रीची बरीचशी थंडी इंदुरातच तयार होते: कोरडी हवा, मोकळं आभाळ, लांब रात्र, आणि ५५० मीटर उंचीचं पठार. मोठं अभिसरण आभाळ साफ करतं आणि हवा कोरडी करतं. पुढचं काम जमीन रात्रभर उष्णता सोडत राहून करते. जेट प्रवाह बारा किलोमीटरवरून खाली येऊन आपल्या अंगाला लागत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो, कारण तसं छापलेलं मी वाचलंय.

ध्रुवीय भोवऱ्याचंही, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती उंचावर गरगरणाऱ्या थंड वाऱ्यांचंही तेच. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला ध्रुवाच्या वरच्या थरांतली हवा अचानक तापली, भोवरा विस्कटला, आणि फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सास गोठलं. त्याचा परिणाम आपल्यापर्यंत येतो तो आडवळणाने, जेटच्या लाटा बदलून. थेट बाण काढून दाखवू नका.

थंडीची लाट आणि थंड दिवस यांची सरमिसळ

ग्वाल्हेरच्या नातेवाइकांशी बोलताना इंदूरकर नेहमी गोंधळतात. ग्वाल्हेर सखल आहे, गंगा-यमुनेच्या मैदानाला लागून आहे. तिथे आठवडाभर धुकं आणि खालचे ढग बसतात, दुपारीही ऊन मिळत नाही, आणि कमाल तापमान घसरतं. रात्री मात्र तेच धुकं पारा फार उतरू देत नाही. हा 'थंड दिवस'. इंदुरात उलट: रात्र बोचरी, दुपारी गच्चीवर बसवेल असं ऊन.

हवामान खात्याची व्याख्या पाठ करा. मैदानी भागात किमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर लाट. घट त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४ वर किंवा त्याखाली गेला तर लाट, २ वर गेला तर तीव्र लाट. 'थंड दिवस' कमाल तापमानावर ठरतो: किमान १० च्या आत असताना कमाल सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त खाली. बडोद्यात १२ अंशांनाही लोक शेकोट्या पेटवतात, पण या नियमात ती लाट होत नाही.

आणि धुक्याच्या थंडीचं कारणही वेगळं असतं. जानेवारी २०२४ मध्ये एल निनो असूनही उत्तर भारत धुक्यात कुडकुडत होता. हवामान खात्याने तेव्हा दिलेल्या कारणांत सक्रिय झंझावातांचा अभाव होता. म्हणजे झंझावात येऊन गेल्यावर रात्री गारठतात, तसे ते न आल्याने दिवस गारठतात. किमान आणि कमाल एकाच खात्यात टाकून 'थंडी' असा एक शब्द वापरलात की ही दोन कारणं एकमेकांना खाऊन टाकतात आणि तुमचा आलेख सपाट येतो.

निर्देशांकांची खरेदी

निर्देशांक म्हणजे अशा मोठ्या अभिसरणाची स्थिती एका आकड्यात सांगणारं माप. दक्षिणी दोलन (प्रशांत महासागराच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबाचा झोका) आणि उत्तर अटलांटिक दोलन (तसाच अटलांटिकवरचा झोका) ही नावं गिल्बर्ट वॉकर यांची. १९०४ ते १९२४ ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते आणि मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहत होते. तेव्हा एकेका सहसंबंधामागे (दोन आकडे किती बरोबरीने वरखाली होतात या मापामागे) माणसांची महिन्यांची मेहनत असायची. आज एका कळीवर शंभर निघतात. आणि पाच टक्क्यांची कसोटी लावली तर शंभरांतले पाच निव्वळ योगायोगाने 'अर्थपूर्ण' ठरतात. ते पाच वेचून प्रबंध लिहिणारे मला दर वर्षी भेटतात.

मी विद्यार्थ्यांना संगणक उघडायच्या आधी एक पान लिहायला लावतो: हा निर्देशांक वाढला तर जेट कुठे सरकेल, झंझावात वाढतील की घटतील, इंदुरात ढग येतील की जातील, आणि मग किमान तापमान कोणीकडे जाईल. अटलांटिक दोलन धन असताना वायव्य भारतात झंझावातांचा पाऊस-बर्फ वाढण्याकडे कल असतो, एवढं धरून पुढची साखळी स्वतः जुळवा. साखळी जुळत नसेल तर आकडा कितीही चांगला असो, तो बाजूला ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

तापमानवाढीचा कल आधी काढून टाका, नाहीतर वाढत्या दोन गोष्टी एकमेकींच्या नातलग वाटतात.

सरासरी १९८१-२०१० ची की १९९१-२०२० ची, हे पहिल्या पानावर लिहा.

वाऱ्याच्या उत्तर-दक्षिण घटकाची किंमत धन असेल तर वारा दक्षिणेकडून येतोय. ही खूण उलटी वाचून ऊब आणणाऱ्या वाऱ्याला थंडी आणायला लावणारे प्रोजेक्ट मी परत पाठवतो.

बंगालच्या उपसागरात नोव्हेंबर-डिसेंबरात चक्रीवादळ असेल तर इथे पूर्वेची दमट हवा येऊन रात्री उबदार राहू शकतात. पश्चिमेकडे डोळे लावून बसलात तर हे कळणार नाही.

इंदूरची वेधशाळा विमानतळावर, शहराच्या पश्चिम टोकाला आहे. राजवाड्याजवळच्या दाट वस्तीतली रात्र तिच्याहून उबदार असते आणि सांवेरकडच्या उघड्या शेतातली जास्त थंड. तिन्हींना 'इंदूरचं तापमान' म्हणू नका.

घरी नोंदी ठेवत असाल तर तापमापक भिंतीला टांगू नका. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडते आणि किमान तापमान दोन-तीन अंशांनी खोटं दाखवते. भिंतीपासून दूर, सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत, दार उत्तरेकडे ठेवून लावा, आणि रोज सकाळी साडेआठलाच वाचा. रविवारीसुद्धा.